बिल्ला, खतावणी आणि दर्यावर्दी माणसाचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा बंदरातील नोकरीच्या चार गमतीजमती मी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे सारे आयुष्य या कोचीच्या बंदरात गेले हे खरे; परंतु ते गेले हिशेबखात्यात. जहाजे मी पाहिली ती बहुतांशी खतावणीच्या पानांतून. अशा माणसाजवळ गमती थोड्या आणि नोंदी फार. म्हणून मी आज एका जुन्या नोंदीचाच विषय घेऊन आलो आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपातील बंदरांमध्ये कारागीर आणि नावाडी आपल्या नावाचे कोरीव धातूचे बिल्ले बाळगीत. त्याच बंदरांतून हजारो खलाशी आपल्या या किनाऱ्याकडे येत, आणि त्यांतील बहुतेकांजवळ असा बिल्ला नसे. हा भेद कशामुळे पडला, आणि बिल्ला नसलेल्या माणसाचे नाव कोणी सांभाळले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम 'बिल्ला' या शब्दाचा विचार करू. आपण स्टेशनवर उतरलो की हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला दिसतो. त्यावर क्रमांक असतो. सरकारी कचेरीतील शिपायाच्या पट्ट्यावर पूर्वी पितळेची पट्टी असे, तिला चपरास म्हणत, आणि ती बाळगणारा तो चपराशी. गंमत अशी, की चपराशीवर माणसाचे नाव कधीच नसते. नाव असते कचेरीचे. हा माणूस कोणाचा, एवढेच ती सांगते. हा माणूस कोण, हे सांगण्याचे तिला प्रयोजन नाही. मी ज्या बिल्ल्यांविषयी बोलणार आहे त्यांच्यावर मात्र माणसाचे स्वतःचे नाव कोरलेले असे. धातूच्या या दोन जाती कृपया ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हे बिल्ले ज्या संस्था देत त्यांना इंग्रजीत गिल्ड म्हणतात. आपल्याकडे 'श्रेणी' हा शब्द त्याहून जुना आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो लेख आहे, त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवल्याचा आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे देण्याचा उल्लेख आहे. दोन हजार कार्षापणे एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे. म्हणजे कारागिरांचा संघ, त्याची पत, त्याची तिजोरी या कल्पना आपल्याला परक्या नाहीत. युरोपातील श्रेणींचेही मूळ काम धंद्याचे नियम करणे, उमेदवारांना शिकविणे आणि बाहेरच्यांची स्पर्धा रोखणे हेच. परंतु त्यांचे आणखी एक काम होते, आणि बिल्ल्याचा जन्म त्या कामातून झाला. ते काम म्हणजे सभासदाच्या अंत्ययात्रेला माणसे हजर ठेवणे.

हॉलंडातील ॲम्स्टरडॅम, मिडलबर्ग, हार्लेम या शहरांतील असे शेकडो बिल्ले आज तेथील संग्रहालयांत आहेत. डच भाषेत त्यांना गिल्डपेनिंग म्हणतात. आकाराने आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाएवढे किंवा जरा मोठे. बहुतेक पितळेचे अथवा तांब्याचे, क्वचित चांदीचे. एका बाजूला धंद्याची खूण: सुताराची हत्यारे, नावाड्याची नौका. दुसऱ्या बाजूला सभासदाचे नाव, कधी साल, कधी क्रमांक. काहींवर कवटी किंवा वाळूचे घड्याळ. मला विचाराल तर ही कवटीच त्या बिल्ल्याचा खरा उपयोग सांगते.

तो उपयोग असा. एखादा सभासद वारला की श्रेणीचा निरोप्या घरोघर जाऊन वर्दी देई. ठरलेल्या वेळी सर्वांनी मृताच्या घरी जमायचे, खांदा द्यायचा, दफनभूमीपर्यंत जायचे. शवपेटीवर श्रेणीच्या मालकीचे वस्त्र घालीत, त्यावर श्रेणीची चांदीची ढालचिन्हे लावीत. आलेल्या प्रत्येकाने आपला बिल्ला निरोप्याच्या हाती द्यायचा. विधी आटोपल्यावर बिल्ले मोजून नावे वाचली, की कोण आला आणि कोण आला नाही हे आपोआप कळे. ज्याचा बिल्ला आला नाही त्याला दंड. हजेरीपत्रकाची ही पद्धत मला, एक हिशेबनीस म्हणून, फार आवडते. तीत खोटी सही करता येत नाही, आणि 'मी मागे उभा होतो, तुम्हाला दिसलो नाही' ही सबबही चालत नाही.

आपणास हे जरा रुक्ष वाटेल. दंडाच्या भयाने मर्तिकाला येणारा माणूस तो काय दुःख करणार? परंतु ज्या शहरात निम्मी वस्ती बाहेरगावाहून पोट भरण्यास आलेली, तेथे दुःख करणारे नातेवाईक मिळतीलच याची खात्री कोण देणार? खांदेकरी मात्र मिळालेच पाहिजेत. श्रेणीने दुःखाची जबाबदारी घेतली नाही, खांद्याची घेतली. तिच्या पेटीतून आजाऱ्याला मदत मिळे, विधवेला काही मिळे. आणि बिल्ला हा त्या साऱ्या देण्याघेण्याचा पुरावा होता.

अशा बिल्ल्यांपैकी एक जगप्रसिद्ध माणसाचा आहे. चित्रकार रेम्ब्रांट हा लायडन गावचा. तो ॲम्स्टरडॅमला येऊन स्थायिक झाला आणि १६३४ मध्ये तेथील चित्रकारांच्या सेंट ल्यूक श्रेणीचा सभासद झाला. त्या सालाचा त्याचा बिल्ला उपलब्ध आहे. त्यावर त्याचे नाव 'रेम्ब्रांट हर्मन्स' असे कोरले आहे. खरे म्हणजे त्याच्या वडिलांचे नाव हार्मेन. कोरणाऱ्याने ऐकले तसे कोरले. आपल्यापैकी ज्यांची नावे येथील रेशनकार्डावर पहिल्या खेपेस बरोबर लिहिली गेली असतील, त्यांनी हात वर करावेत. (हशा.) रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला. ॲम्स्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चमध्ये त्याला भाड्याच्या जागेत पुरले, आणि ती जागा नेमकी कोणती हे आज कोणालाही दाखविता येत नाही. बिल्ला राहिला, कबर हरवली.

काही बिल्ल्यांवर जुने नाव घासून तेथे नवे कोरलेले दिसते. धातू वाया घालवावयाचा नाही, हा त्यातला व्यवहार. एक सभासद गेला, त्याच्या जागी दुसरा आला. तिरप्या उजेडात धरला तर खालच्या नावाच्या रेघा अजून जाणवतात.

आता दर्यावर्दी माणसाकडे वळू. ॲम्स्टरडॅममध्ये नद्या-कालव्यांतून मालवाहतूक करणाऱ्या नावाड्यांची श्रेणी होती आणि तिचे बिल्लेही होते. हा नावाडी चार दिवसांनी, आठ दिवसांनी घरी येई. त्याला शहराचे नागरिकत्व असे, घर असे, वर्गणी भरण्यास हाताशी पैसा असे, आणि मुख्य म्हणजे शेजारी वारला तर तो खांद्याला हजर राहू शके. महासागरावर जाणाऱ्या खलाशाला यांतले काहीच शक्य नव्हते. बटाव्हियापर्यंतचा, म्हणजे आजच्या जाकार्ताचा प्रवास सुमारे आठ महिन्यांचा. ज्याला स्वतःच परत येण्याची खात्री नाही, त्याने दुसऱ्याच्या अंत्ययात्रेला येण्याचे वचन कसे द्यावे? तेव्हा बिल्ला नसण्याचे कारण त्या खलाशाचे दारिद्र्य एवढेच नव्हते. परस्परांच्या दारी उभे राहण्याचा जो करार त्या धातूमागे होता, तोच त्याला करता येत नव्हता.

असे लोक किती होते? डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. ती मोडेपर्यंतच्या सुमारे दोनशे वर्षांत तिच्या जहाजांतून जवळजवळ दहा लाख माणसे आशियाकडे निघाली, आणि परत गेली ती चार लाखांहून कमी. बाकीचे सगळेच मेले असे नव्हे. कित्येक इकडे राहिले. परंतु मेले तेही थोडे नव्हते. या लोकांतील फार मोठा भाग डच नव्हताच. जर्मन मुलखातून, डेन्मार्क-नॉर्वेहून, फ्लँडर्समधून माणसे ॲम्स्टरडॅमला येत. हातात पैसा नाही, राहण्यास ओळखीचे घर नाही. बंदराजवळच्या खाणावळवाल्यांनी त्यांना ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे, पेटी आणि कपडे द्यायचे, जहाज निघेपर्यंत सांभाळायचे. आणि त्याबद्दल त्यांच्या भावी पगारातून वसूल करण्याची चिठ्ठी कंपनीकडून मिळवायची. रोकड हवी म्हणून खाणावळवाला ती चिठ्ठी तोट्याने दुसऱ्याला विकी. या धंद्यातील लोकांना डच भाषेत 'झीलव्हरकोपर', म्हणजे 'आत्मे विकणारे', असे नाव पडले. चिठ्ठी या अर्थाचा शब्द आणि आत्मा या अर्थाचा शब्द उच्चाराने जवळ असल्यामुळे हे घडले असे म्हणतात. लोकांनी केलेला श्लेष कधी कधी पंडितांच्या व्याख्येहून अचूक असतो.

जहाजावर चढल्यावर खलाशाच्या भोवती धातू भरपूर होता, आणि त्यावर कोरकामही होते. तोफांवर, नाण्यांवर, सर्वत्र कंपनीची तीन अक्षरे एकमेकांत गुंफलेली. माणूस कोणाचा हे सांगणारा धातू. मघाशी सांगितलेली ती चपरास. त्याचे स्वतःचे नाव होते ते एकाच ठिकाणी, जहाजाच्या पगारवहीत.

या पगारवह्यांविषयी मला थोडे विस्ताराने बोलू द्या, कारण माझा जीव तेथे आहे. प्रत्येक जहाजाची एक जाडजूड वही. प्रत्येक माणसाला समोरासमोरची दोन पाने. वर नाव, गाव, हुद्दा आणि पगार. साध्या खलाशाचा महिना सुमारे सात ते अकरा गिल्डर. उजव्या पानावर जमा, डाव्या पानावर नावे. आपल्या जमाखर्चाच्या भाषेत कर्जाच्या बाजूला 'नावे' म्हणतात, हे आपण जाणताच. हा शब्द मी चाळीस वर्षे लिहीत आलो. पण त्या वह्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा तो प्रथमच मला टोचला. कारण वही उघडताना खलाशाची जमेची बाजू कोरी असते. भरलेली असते ती नावेची बाजू: पेटीचे इतके, आगाऊ पगाराचे इतके, चिठ्ठीवाल्याचे इतके. कंपनीने त्याचे नाव लिहून ठेवले ते तो देणेकरी होता म्हणून.

नाव लिहिणारा कारकून डच, सांगणारा बव्हंशी परका. मग कारकून ऐकेल ते खरे. जर्मन नावे डच वळणाची होत. आडनाव नसले तर बापाचे नाव, तेही नसले तर गाव: ब्रेमेनचा अमुक, हॅम्बुर्गचा तमुक. आपल्या हर्णेकर, दाभोळकर, वेंगुर्लेकर यांसारखेच ते. फरक इतकाच, की आपल्याकडे गाव आडनावात बसले ते पिढ्यांसाठी, आणि तिकडे ते एका सफरीपुरते असे. पुढच्या सफरीत दुसरा कारकून त्याच माणसाला वेगळ्या अक्षरांत लिही. एकच माणूस दोन वह्यांत दोन माणसे होऊन बसतो, आणि मग आजच्या संशोधकाने गाव, हुद्दा, साल जुळवून त्यांना पुन्हा एक करावयाचे.

या वहीत एक नोंद मात्र अशी आहे, की तिच्यामुळे त्या कोरड्या पानावर एकाएकी घर दिसते. विवाहित खलाशाला आपल्या बायकोच्या, किंवा आईबापांच्या, मुलांच्या नावे वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचा पगार लावून देता येई. त्याचा कागद तो घरी ठेवून जाई; घरच्यांनी तो कंपनीच्या कचेरीत दाखवून पैसे न्यायचे. मनीऑर्डरच म्हणा ना. डावीकडे त्या रकमा पडत, आणि त्यावरून कळते की अमुक साली त्याची बायको जिवंत होती, पैसे नेण्यास आली होती. ज्या बाईचे नाव दुसऱ्या कोणत्याच कागदावर नाही, ते येथे सापडते. तेही नावेच्या बाजूलाच.

खलाशी वाटेत मेला तर त्याची पेटी डोलकाठीपाशी उघडीत आणि तिच्यातील वस्तूंचा लिलाव करीत. सदरा, टोपी, चाकू बरोबरीचेच लोक घेत. आलेली रक्कम मृताच्या जमेला पडे. मृत्यूची तारीख आणि ठिकाण लिहून कारकून खाते बंद करी. शिल्लक निघाली तर वारसांनी येऊन न्यायची. हा हिशेब पुरा व्हावयास कधी कधी वर्षे लागत, म्हणून वह्या जपून ठेवाव्या लागल्या. आणि जपल्या म्हणून राहिल्या. अठराव्या शतकातील या वह्यांतून साडेसहा लाखांहून अधिक नोंदी आता उतरवून घेतल्या आहेत, आणि जर्मनीतील किंवा डेन्मार्कमधील एखादा मनुष्य आपला सात पिढ्यांमागचा पूर्वज त्यांत शोधू शकतो. डच श्रेणी १७९८ मध्ये रद्द झाल्या. त्यांचे पुष्कळसे बिल्ले वितळले, हरवले. ज्याला बिल्ला होता त्या सुताराचा आज पत्ता लागत नाही आणि ज्याला नव्हता त्या खलाशाचा लागतो, असे पुष्कळदा घडते. कंपनीने हे काही भूतदयेने केलेले नाही. तरीही, हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या अज्ञात कारकुनांविषयी मला मनातून आदर वाटतो हे लपवून काय उपयोग!

या कंपनीचे आणि आपल्या या गावाचे नाते आपण रोज पाहतो. १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७९५ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. कोकणातही वेंगुर्ल्यास १६३७ पासून त्यांची वखार होती. कंपनीचे कागद हेग, जाकार्ता, कोलंबो, केपटाऊन आणि आपल्या चेन्नई येथील दप्तरखान्यांत आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतीचा ठेवा म्हणून त्यांची नोंद केली. कोचीचे डच कागद चेन्नईच्या दप्तरखान्यात आहेत. फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये भिंतीला लावलेल्या डच थडग्यांच्या शिळा आपण पाहुण्यांना दाखवितो. समुद्राकाठची डच दफनभूमीही दाखवितो. पाहुणे नावे वाचतात. परंतु दगडावर नाव कोरून घ्यावयाचे तर मागे ऐपत लागते आणि ते कोरविणारे कोणी लागते. साध्या खलाशाला दोन्ही नसत. त्याची शिळा म्हणजे ती समोरासमोरची दोन पाने.

ज्या जहाजांच्या वह्याच राहिल्या नाहीत, तेथे काय होते? इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे तारू १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. सुमारे पाचशे माणसे त्यावर होती. वाचली ती मोजकी. निदान १७९ जणांचे अवशेष मिळाले, आणि वस्तू एकोणीस हजारांहून अधिक. नावे मात्र दोन-तीन, तीही अधिकाऱ्यांची. बाकीच्यांनी आपल्या वाट्यांवर, फण्यांवर, चाकूंच्या मुठींवर चाकूच्या टोकाने खुणा ओरखडल्या आहेत. अक्षर येत नसलेल्या माणसाने केलेला तो आपला बिल्लाच. एका वाटीवर मात्र अक्षरे आहेत आणि त्यांवरून ती तेथील आचाऱ्याची असावी असे दिसते. पाचशे माणसांत आपले नाव खोदून ठेवण्याची बुद्धी झाली ती स्वयंपाक्याला, याचे मला नवल वाटत नाही. भांडी हरवतात ती त्याचीच.

स्वीडनचे 'वासा' हे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडाले. १९६१ मध्ये ते वर आले. त्यातील सांगाड्यांना नावे नव्हती म्हणून संग्रहालयाने त्यांना वर्णमालेची अक्षरे दिली आणि अक्षरांवरून नावे ठेवली. त्यांतील 'जी' या अक्षराच्या सांगाड्याला वर्षानुवर्षे गुस्ताव म्हणत. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले की ती स्त्री होती. आता तिला गर्ट्रूड म्हणतात. हेही नाव तिचे नव्हेच.

लंडनच्या टेम्स नदीवरील नावाड्यांचा प्रकार निराळा. त्यांची कंपनी १५५५ च्या कायद्याने बांधली गेली. थॉमस डॉगेट नावाच्या नटाने, पहिला जॉर्ज गादीवर आल्याच्या आनंदात, १७१५ मध्ये उमेदवारी नुकतीच संपविलेल्या तरुण नावाड्यांची शर्यत सुरू केली. ती आजही होते. जिंकणाऱ्याला केशरी-तांबडा डगला आणि दंडावर बांधण्यास मोठा चांदीचा बिल्ला मिळतो. त्यावर हॅनोव्हरचा घोडा आणि 'स्वातंत्र्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द. त्या काळी आरमाराला माणसे हवी असली की सक्तीची भरती करणाऱ्या टोळ्या निघत आणि त्यांचा डोळा पहिल्याने असे तो या नावाड्यांवर. दंडावर स्वातंत्र्य कोरलेले असताना त्याच दंडाला धरून जहाजावर नेण्याची ही रीत इंग्रजांच्या विनोदबुद्धीला शोभणारी खरी.

सर्वांत जवळचे उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवले आहे. व्हेनिस शहरात एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या डाल्मेशियन किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या क्रोएशिया-माँटेनेग्रोच्या बाजूने, पुष्कळ खलाशी येऊन राहिले होते. भाषा वेगळी, वस्ती वेगळी. व्हेनिसचे लोक त्यांना 'स्क्यावोनी', म्हणजे स्लाव्ह, म्हणत. हे लोक व्हेनिसच्या गलबतांवर वल्ही मारीत म्हातारे होत, आणि आजारात किंवा मरणात त्यांना विचारणारे कोणी नसे. तेव्हा त्यांनी स्वतःच एक मंडळ काढावयाचे ठरविले आणि १४५१ मध्ये राज्याची परवानगी मिळविली. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना मदत करावयाची आणि मेलेल्यांना रीतीने मूठमाती द्यावयाची, हे त्याचे काम. सेंट जॉर्ज हा आश्रयदाता. पुढे, १५०२ ते १५०७ च्या सुमारास, त्यांनी कार्पाच्चिओ या नामांकित चित्रकाराकडून आपल्या जागेसाठी चित्रे काढवून घेतली. आज जगभरचे लोक ती पाहावयास जातात. नेपोलियनच्या राजवटीत व्हेनिसमधील अशा बहुतेक संस्था बंद पडल्या. ही टिकली आणि अजून चालू आहे. आपण पन्नास वर्षांचा उत्सव करीत आहोत. त्यांची पावणेसहाशे होत आली. वर्गणी वसुलीत त्यांचे चिटणीस आपल्या चिटणीसांहून कडक असावेत. (हशा.)

महासागरी खलाशाला श्रेणी जमत नव्हती असे मी मघाशी म्हटले, त्याला ही संस्था अपवाद आहे काय? मला वाटते, पुरता नव्हे. ते लोक व्हेनिसमध्ये राहत होते, तेथे बायकामुले होती, सफर संपली की परत येण्यास एक गल्ली होती. समुद्रावर श्रेणी होत नाही. ती परक्या गावच्या गल्लीत होते.

आणि आपले खलाशी? कोकणच्या किनाऱ्यावरचे तांडेल आणि सारंग हे शब्द युरोपीय जहाजांच्या कागदांत शतकानुशतके फिरत आहेत. डच कंपनीनेही आपल्या अखेरच्या काळात, युरोपातील माणसे पुरेनाशी झाली तेव्हा, परतीच्या जहाजांवर हिंदी खलाशी घेतले. इंग्रजांच्या आगबोटींवर तर मुंबईहून रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे चढली. भरती सारंगाच्या मार्फत, टोळीने. मालकाचा संबंध आधी सारंगाशी, मग माणसाशी. माणसाजवळ स्वतःचे असे एकच होते, नोकरीचा दाखला. त्याला किनाऱ्यावर 'नल्ली' किंवा 'नळी' म्हणत. कागद गुंडाळून नळीत जपत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. बंगालच्या किनाऱ्यावरही हाच शब्द थोड्या फरकाने चाले. आमच्या गावी एका घरात अशी पत्र्याची नळी देवघराच्या फळीवर, गंगेच्या गडूशेजारी ठेवलेली मी लहानपणी पाहिली आहे. आत काय आहे हे आम्हा मुलांना विचारण्याची सोय नव्हती.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी-गृहातील स्मारकावर आहेत. एडनच्या, पूर्व आफ्रिकेच्या, इराकच्या बाजूला ते गेले. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका ग्रंथात लिहिली आहेत. त्या ग्रंथाच्या दोन सारख्या प्रती केल्या. एक चट्टग्रामला ठेवली, एक मुंबईत. आपल्यापैकी जे सुटीत मुंबईला जातात, त्यांना मशीद बंदर स्थानकावरून तेथे पायी जाता येते. नावांचे स्पेलिंग कारकुनाने ऐकले तसे आहे. आपल्या गावचे कोणी शोधावयाचे झाल्यास थोडा वेळ हाताशी ठेवून जावे आणि नाव दोन-तीन तऱ्हांनी वाचून पाहावे.